शंका-समाधान : माया दिनगणनेत जगाचा अंत कोठे लिहिला आहे?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. जगाच्या अंताची नवी तारीख सांगणारी एक चित्रफीत मोबाईलवर फिरते आहे आणि तिने जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील आपल्या वाचकांना, विशेषतः त्यांच्या मुलाबाळांना, अस्वस्थ केले आहे. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर आम्ही याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. नववीच्या मुलांनी मला एक चित्रफीत दाखवली. तीत एका गोल दगडी चक्राचे चित्र दाखवून असे सांगितले आहे, की मेक्सिको-ग्वाटेमालातील प्राचीन माया लोकांचे कॅलेंडर जेथे संपते तेथे जग संपते. २०१२ साली जग बुडणार असे म्हटले जात होते, पण काही घडले नाही, कारण युरोपने दिनदर्शिका बदलल्यापासून दरवर्षी ११ दिवस हरवत गेले आणि आठ वर्षांचा फरक पडला. पुढे आणखी चुका सापडल्या असून खरी तारीख आता जवळ आली आहे. मुले माझ्याकडे हिशेब मागत आहेत. चूक नेमकी कोठे आहे? (एक शिक्षक, यावल तालुका)

उत्तर : आपण गणिताचे शिक्षक आहात, म्हणून हिशेबापासूनच सुरुवात करू. एकदाच वगळलेले दिवस चित्रफितीने दरवर्षी वगळले आहेत, ही मूळ चूक आहे. इ.स. १५८२ मध्ये रोमच्या पोपने दिनदर्शिका सुधारली, तेव्हा गुरुवार, ४ ऑक्टोबर या दिवसानंतरचा दिवस शुक्रवार, १५ ऑक्टोबर मानण्यात आला. इंग्लंडने हीच सुधारणा १७५२ साली स्वीकारली, तेव्हा बुधवार, २ सप्टेंबरनंतर गुरुवार, १४ सप्टेंबर आला. तारखेचे आकडे अकरांनी पुढे गेले, पण बुधवारनंतर गुरुवारच आला, म्हणजे प्रत्यक्षातला एकही दिवस हरवला नाही. असे असताना कोणीतरी १७५२ ते २०२० या २६८ वर्षांना ११ ने गुणले, २,९४८ दिवस म्हणजे आठ वर्षे काढली आणि २१ जून २०२० ही तारीख जाहीर केली. त्या दिवशी कंकणाकृती सूर्यग्रहण होते आणि कोरोनाचा काळ होता, त्यामुळे ती अफवा घरोघरी पोहोचली. ही चित्रफीत त्याच गुणाकारावर उभी आहे.

दुसरे असे, की माया तारीख आपल्या तारखेशी जुळवताना अभ्यासक वर्षे मोजत नाहीत, सलग दिवस मोजतात. ही जुळणी प्रथम जोसेफ गुडमन यांनी १९०५ साली मांडली. पुढे हुआन मार्तिनेस एर्नांदेस आणि एरिक थॉम्पसन यांनी ती तपासून पक्की केली. तिच्यानुसार माया दीर्घगणनेचा, म्हणजे एका ठरलेल्या आरंभापासून सलग दिवस मोजण्याच्या त्यांच्या पद्धतीचा, आरंभदिन आजच्या पद्धतीने ११ ऑगस्ट, इ.स.पू. ३११४ येतो. ग्वाटेमालातील तिकाल येथील एका मंदिराच्या कोरीव लाकडी तुळईवर केलेल्या, लाकडाचे वय काढणाऱ्या कार्बन-१४ चाचणीचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यानेही याच जुळणीला दुजोरा दिला.

आता ते दगडी चक्र. मधोमध जीभ बाहेर काढलेला चेहरा असलेली ही शिळा माया लोकांची नाहीच. ती मेक्सिकोतल्या दुसऱ्या एका समाजाची, अझ्टेक लोकांची, आहे. १७९० साली मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात ती सापडली, तिचा व्यास साडेतीन मीटरहून अधिक आहे आणि आज ती तेथील राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात आहे. अझ्टेकांची राजधानी आणि माया लोकांची प्राचीन नगरे यांच्यात शेकडो किलोमीटरचे आणि कित्येक शतकांचे अंतर आहे. दर ५२ वर्षांनी चक्र पूर्ण होताना सूर्य पुन्हा उगवेल की नाही, या चिंतेने सर्व अग्नी विझवून नवा अग्नी चेतवण्याचा विधी अझ्टेकांमध्ये होता. त्यांची ही चिंता आणि माया लोकांचे अंक एकत्र करून चित्रफितीने आपली कथा रचली आहे. ज्यांची लेखनपद्धती, देवता आणि राज्ये वेगवेगळी होती अशा दोन समाजांना असे एकाच पोत्यात भरणे मला फार खटकते.

माया दिनगणना समजून घेणे मुलांना अवघड जाणार नाही. त्यांचे अंक २० च्या पायावर आहेत. एक दिवस म्हणजे एक किन. २० किनांचा एक विनाल, १८ विनालांचा म्हणजे ३६० दिवसांचा एक तुन, २० तुनांचा एक कातुन आणि २० कातुनांचा एक बाकतुन. म्हणजेच एका बाकतुनात १,४४,००० दिवस येतात. त्यांच्या कथेप्रमाणे सध्याच्या सृष्टीच्या आधीचे पर्व १३ बाकतुनांनी पूर्ण झाले होते. नव्या पर्वाचे १३ बाकतुन, म्हणजे १८,७२,००० दिवस किंवा ५,१२५ वर्षांहून थोडा अधिक काळ, २१ डिसेंबर २०१२ रोजी पुरे झाले. त्या दिवशीची माया तारीख १३.०.०.०.० अशी लिहितात. दुसऱ्या दिवशी १३.०.०.०.१ आली. या बाकतुनातला पहिला कातुन ७ सप्टेंबर २०३२ रोजी भरेल आणि चौदावा बाकतुन २६ मार्च २४०७ रोजी पूर्ण होईल. वर्गात फळ्यावर २१ डिसेंबर २०१२ मध्ये ७,२०० दिवस मिळवून मुलांकडूनच २०३२ ची तारीख काढून घ्यावी, असे मी सुचवीन. लीप वर्षे सांभाळली, तर उत्तर बरोबर येते.

या दीर्घगणनेखेरीज त्यांच्याकडे २६० दिवसांचे धार्मिक चक्र होते, त्याला त्झोल्किन म्हणतात. आणि ३६५ दिवसांचे हाब होते, ज्यात २० दिवसांचे १८ महिने आणि शेवटी पाच अशुभ मानलेले दिवस येत. ही दोन चक्रे १८,९८० दिवसांनी, म्हणजे साधारण ५२ वर्षांनी, पुन्हा एकाच जोडीवर येतात.

मग २०१२ विषयी माया लोकांनी स्वतः काय लिहिले? हजारो कोरीव लेखांपैकी त्या तारखेचा उल्लेख निश्चितपणे दोनच ठिकाणी सापडला आहे. पहिला मेक्सिकोतील तोर्तुगेरो येथील सातव्या शतकातल्या शिळेवर आहे. त्यात तेरावा बाकतुन पूर्ण होईल आणि बोलोन योक्ते या देवतेशी संबंधित काही प्रसंग घडेल, एवढे वाचता येते. पुढची अक्षरे फुटलेली आहेत. विनाशाचा उल्लेख त्यात नाही. दुसरा लेख ग्वाटेमालातील ला कोरोना येथील जिन्याच्या दगडांवर आहे आणि योगायोगाने तो २०१२ सालीच प्रकाशात आला. त्याची कथा मला अतिशय बोलकी वाटते. कालाकमुल या माया राज्याचा राजा युक्नूम यिचाक काक इ.स. ६९५ मध्ये तिकालकडून लढाईत हरला. पुढच्याच वर्षी तो आपल्या मित्रराज्याला, ला कोरोनाला, भेट द्यायला आला. आपली सत्ता टिकून आहे हे मांडलिकांच्या मनावर ठसवणे त्याला त्या घडीला आवश्यक होते. तेरावा कातुन त्याच्या कारकिर्दीत, ६९२ साली, पूर्ण झाला होता. म्हणून लेखकाने राजाला ‘तेराव्या कातुनाचा स्वामी’ म्हटले आणि त्याचे नाव थेट तेराव्या बाकतुनाच्या पूर्तीशी, तेराशे वर्षे पुढच्या दिवसाशी, नेऊन जोडले. हरलेल्या राजाला काळाच्या महान चक्रात स्थान देण्याचा तो प्रयत्न होता, आणि जग बुडणार असते तर असे स्थान मिळवण्यात काहीच अर्थ उरला नसता.

याहून पुढच्या तारखाही त्यांनी कोरल्या आहेत. पालेंके येथील मंदिरात पकाल राजाच्या राज्यारोहणाचा वर्धापनदिन इ.स. ४७७२ च्या ऑक्टोबरमध्ये येईल, असे लिहिले आहे. कोबा येथील एका शिळेवर तर बाकतुनाच्या वर आणखी एकोणीस स्थाने मांडून प्रत्येक स्थानी १३ लिहिले आहेत. ती संख्या कल्पनेत मावणार नाही इतकी मोठी आहे.

आपल्या पंचांगात साठ संवत्सरांचे चक्र आहे. प्रभव हे पहिले आणि क्षय हे साठावे. शके १९०८ हे क्षय संवत्सर होते. १९८७ च्या गुढीपाडव्याला प्रभव सुरू झाले. पुढचे क्षय संवत्सर २०४६ च्या पाडव्याला लागेल. ‘क्षय’ हे नाव वाचून खानदेशातल्या कोणी शेतकऱ्याने पेरणी थांबवली, असे माझ्या ऐकिवात नाही. माया माणसाच्या दृष्टीने बाकतुन भरणे हा असाच, फार मोठ्या मापाचा, चक्रपूर्तीचा दिवस होता आणि अशा दिवशी त्यांचे राजे शिळा उभारून पूजाविधी करत.

प्रश्न : माया गणना इ.स.पू. ३११४ मध्ये आणि आपले कलियुग इ.स.पू. ३१०२ मध्ये सुरू होते. इतक्या जवळच्या तारखा योगायोगाने कशा येतील? दोन्ही संस्कृतींना कोणत्यातरी एकाच आपत्तीची आठवण असावी, असे वाटते. (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, चाळीसगाव)

उत्तर : आपण ज्या गावातून हा प्रश्न विचारला आहे, तेथून जवळच पाटणादेवीला त्याचे निम्मे उत्तर आहे. तेथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणी आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटणला मठ स्थापन केला, असे त्यात नोंदवले आहे आणि त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. त्या मठातले विद्यार्थी जे गणित शिकत असतील, त्यात अहर्गण हा पायाचा भाग होता. अहर्गण म्हणजे ठरलेल्या आरंभापासून इष्ट दिवसापर्यंत लोटलेल्या दिवसांची सलग संख्या. माया दीर्घगणनाही तेच करते, आणि दोन्हींतले खरे साम्य हे आहे : आकाशाचे गणित करणाऱ्याला महिने आणि वर्षे अडचणीची ठरतात, म्हणून तो दिवस मोजू लागतो.

आरंभदिनांच्या जवळिकीला मात्र मी महत्त्व देणार नाही. दोन्ही आरंभ मागाहून ठरवलेले आहेत. कलियुगाचे ३,६०० वर्ष पूर्ण झाले तेव्हा आपण २३ वर्षांचे होतो, असे आर्यभट सांगतो. तो काळ इ.स. ४९९ चा. सर्व ग्रह एका ठिकाणी असल्याचा क्षण गणिताने मागे जाऊन आपल्या ज्योतिर्विदांनी आरंभ म्हणून घेतला. माया दीर्घगणनेचे सर्वांत जुने ज्ञात लेख इ.स.पू. पहिल्या शतकातले आहेत आणि तिचा आरंभ त्यांच्या सृष्टीकथेशी जोडलेला आहे. म्हणजे दोन्हीकडे त्या दिवशी कोणी काही पाहून नोंदवून ठेवले, असे नाही. शिवाय दोन्ही दिवसांत सुमारे साडेअकरा वर्षांचे अंतर आहे. एकाच आपत्तीची आठवण असती, तर दिवस मोजणाऱ्या दोन समाजांनी एवढी तफावत राहू दिली नसती. आणि कलियुगाची लांबी ४,३२,००० वर्षे सांगितलेली असल्यामुळे त्या गणनेनेही अजून सव्वाचार लाखांहून अधिक वर्षे शिल्लक आहेत.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे. चित्रफीत पाहिल्यापासून ती रात्री झोपत नाही, दिवा बंद करू देत नाही आणि ‘आई, आपण सगळे एकत्रच मरू ना?’ असे विचारते. घरातले पुरुष तिची चेष्टा करतात. मी तिला काय सांगू? (एक माता, भुसावळ)

उत्तर : ताई, सर्वप्रथम घरातली चेष्टा थांबवावी. चेष्टेमुळे मूल भीती सोडत नाही, फक्त बोलायचे सोडते. २०१२ च्या आधी अमेरिकेच्या नासा संस्थेतील शास्त्रज्ञ डेव्हिड मॉरिसन यांच्याकडे या विषयावर हजारो प्रश्न आले होते आणि त्यांत भेदरलेल्या मुलांची पत्रेही होती. तेव्हा आपली मुलगी एकटी नाही आणि दुबळीही नाही. हे तिला सांगा.

नंतर तिच्याजवळ बसून ती चित्रफीत दिवसाउजेडी, एकदाच, थांबवत थांबवत पाहा. दगडाचे चित्र आले की तो दगड अझ्टेकांचा आहे, हे सांगा. ११ दिवसांचा हिशेब आला की वर दिलेले बुधवार-गुरुवारचे उदाहरण तिच्याकडून वहीत लिहून घ्या. आपल्याला भिववणाऱ्या गोष्टीतली चूक स्वतःच्या हाताने सापडली, की मुलाला जो धीर येतो तो मोठ्यांच्या ‘काही होत नाही’ या वाक्याने येत नाही. नंतर तशा चित्रफिती फोनवर पुन्हा पुन्हा समोर येऊ नयेत, म्हणून काही आठवडे फोन तिच्या हाती एकटीला देऊ नका. झोप दोन-तीन आठवड्यांतही पूर्ववत झाली नाही, जेवण तुटले किंवा ती शाळेत जायला नकार देऊ लागली, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना अवश्य भेटा. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांकही आहे. त्यावर बोलण्यात कसलाही कमीपणा नाही.

प्रश्न : माझ्या तरुणपणी, १९६२ साली, अष्टग्रहीच्या वेळी आमच्या गावात अखंड भजन बसले होते आणि काही मंडळी शेतातली कामे टाकून घरी बसली होती. त्या वेळी खरोखर आकाशात काय होते? (एक ज्येष्ठ वाचक, एरंडोल तालुका)

उत्तर : ३ ते ५ फेब्रुवारी १९६२ या दिवसांत सूर्य, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी हे मकर राशीत एकत्र आले होते, केतू धरून आठ. देशभर यज्ञ झाले, प्रवास रद्द झाले, पुष्कळांनी दाने दिली. ५ फेब्रुवारीला खग्रास सूर्यग्रहणही होते, पण त्याचा पट्टा न्यू गिनी आणि प्रशांत महासागरातून गेला. ग्रह एका राशीत दिसतात, तेव्हा ते केवळ पृथ्वीवरून एका दिशेला दिसत असतात. त्यांच्यातली अंतरे कोट्यवधी किलोमीटरच राहतात. पृथ्वीवर भरती-ओहोटी घडवणारे खेचकाम चंद्र आणि सूर्य करतात. शुक्र आपल्या अगदी जवळ असतानाही त्याचा या कामातला वाटा चंद्राच्या दहा हजाराव्या हिश्शापेक्षा कमी असतो.

दादा, आपल्यासारख्यांच्या आठवणी आम्हांला हव्या आहेत. अष्टग्रही उलटून गेल्यावर ६ फेब्रुवारीला गावात लोक एकमेकांशी काय बोलले, भजनाला बसलेल्यांनी आणि शेत सोडून आलेल्यांनी पुढे काय केले, हे आपण सविस्तर लिहून पाठवावे, अशी विनंती आहे. भविष्य खोटे ठरल्यानंतरच्या दिवसाची नोंद फारसे कोणी करत नाही, आणि नव्या पिढीला तीच वाचायला मिळाली पाहिजे.

प्रश्न : ‘निबिरू’ नावाचा ग्रह पृथ्वीवर आदळणार आहे आणि शास्त्रज्ञ ते लपवत आहेत, हे खरे का? (एक वाचक, शहादा)

उत्तर : नाही. या ग्रहाच्या आगमनाची तारीख आधी २००३ सांगितली होती. ती टळल्यावर ती २०१२ वर नेऊन माया गणनेला चिकटवण्यात आली. माया लेखांत या ग्रहाचा उल्लेख नाही. एवढी मोठी वस्तू काही वर्षांत येऊन आदळणार असती, तर तिच्या ओढीने इतर ग्रहांच्या कक्षा आधीच बिघडल्या असत्या; आणि अगदी जवळ आल्यावर तोरणमाळच्या काळोख्या आकाशात ती आपल्या जिल्ह्यातल्या कोणालाही दुर्बिणीशिवाय दिसली असती. जगभर हौशी निरीक्षक रोज रात्री आकाश पाहतात. ते कोणाच्याही हुकमाखाली नसतात आणि त्यांच्यापासून आकाश लपवता येत नाही.

प्रश्न : इतके ज्ञानी माया लोक एकाएकी नाहीसे कसे झाले? (एक गृहिणी, धुळे)

उत्तर : ते नाहीसे झालेले नाहीत. नवव्या शतकाच्या आसपास दक्षिणेकडील सखल प्रदेशातली त्यांची मोठी नगरे ओस पडत गेली. दीर्घ अवर्षणे आणि आपसांतली युद्धे ही त्यामागची प्रमुख कारणे मानली जातात. लोक मात्र उत्तरेला आणि डोंगराळ भागात राहिले. पुढे स्पॅनिश सत्तेने त्यांच्यावर घाला घातला. १५६२ साली मानी या गावी दिएगो दे लांदा या धर्मगुरूने त्यांच्या पोथ्यांची होळी केली आणि आज जगात अशा चारच पोथ्या उरल्या आहेत. त्यांतली ड्रेस्डेनची पोथी शुक्राच्या ५८४ दिवसांच्या चक्राची कोष्टके देते. ज्यांच्या पोथ्या जाळल्या गेल्या, त्यांच्याच नावावर नंतर परक्यांनी विनाशाची भाकिते खपवली, हा मला त्या समाजावरचा दुसरा अन्याय वाटतो. २०१८ च्या जनगणनेत ग्वाटेमालाच्या सुमारे ४२ टक्के लोकांची नोंद माया म्हणून झाली आहे. तेथील मोमोस्तेनांगोसारख्या गावांत २६० दिवसांचे चक्र सांभाळणारे जाणकार आजही मुहूर्त सांगतात.

प्रश्न : माया लोक जसे आकाश पाहत, तसे काही आमच्या मुलांना येथे पाहता येईल का? (एक विज्ञानप्रेमी वाचक, चोपडा)

उत्तर : नक्कीच, आणि खानदेशासाठी तर ते विशेष सोयीचे आहे. युकातानमधील चिचेन इत्झा हे माया नगर साधारण पावणेएकवीस उत्तर अक्षांशावर आहे. धुळे आणि जळगाव त्याच्या जवळपास त्याच अक्षांशावर आहेत. वर्षातून दोनदा भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. माया निरीक्षक या दिवसांकडे लक्ष देत असत. आपल्याकडे हे दिवस मेच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात येतात.

सपाट ओट्यावर ओळंब्याने तपासून एक सरळ काठी किंवा पाइपचा तुकडा उभा करावा. सव्वाबारापासून दर दोन मिनिटांनी सावलीचे टोक खडूने नोंदवावे. जळगावच्या रेखांशावर मेमध्ये साधारण १२ वाजून २५ मिनिटांनी आणि जुलैमध्ये साडेबारानंतर तीन-चार मिनिटांनी सूर्य माध्यान्हीला येतो. ठरलेल्या दिवसाच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस हीच नोंद केली, तर सावली आधी उत्तरेकडे, मग नाहीशी आणि नंतर दक्षिणेकडे सरकताना दिसेल; जुलैत हाच क्रम उलटा असतो. सूर्याकडे थेट पाहू नये, हे मुलांना आधीच बजावावे. जुलैत पावसाळी ढगांमुळे बहुधा निराशा होते, म्हणून मेमधली संधी सोडू नये. सुटीत मुले आजोळी असली, तर तेथेच हा प्रयोग करून नोंदी आमच्याकडे पाठवाव्यात. गावाचे नाव, तारीख आणि सावली नाहीशी झाल्याची वेळ एवढे लिहिले, तरी पुरे.